म्हाताऱ्याचे बोलणे म्हाताऱ्याचेच राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला ग्रामीण कथेवरचा लेख आवडला. पण एका ओळीशी मी अडलो : म्हातारा म्हणतो की मी यंदा कपाशी लावणार नाही, जमीनच थकली आहे.

जमीन थकली, हे कोण म्हणतो? म्हातारा की लेखक? गावच्या वाचनालयातून कथा आणून पाहिली. तिथे आहे : "यंदा पऱ्हाटी नाई लावत बा. जमीनच थकली." म्हणजे दोन्ही वाक्ये म्हाताऱ्याची. लेखात अवतरणचिन्हे गेली, 'पऱ्हाटी'ची 'कपाशी' झाली आणि कथेतले सर्वांत मोलाचे वाक्य लेखकाच्या नावे जमा झाले.

मराठीत हा घोटाळा फार सहज होतो. आपण दुसऱ्याचे बोलणे सांगताना 'मी'चा 'तो' करतोच असे नाही. 'गणपत म्हणाला की मी येतो' यात येणारा गणपत की सांगणारा? समोरासमोर बोलताना आवाजावरून कळते. कागदावर त्या आवाजाच्या जागी फक्त अवतरणचिन्ह असते. गणपत म्हणाला, "मी येतो." आता शंका उरत नाही.

एकतीस वर्षे मुलांना मराठी शिकवली, त्यात सर्वांत जास्त लाल शाई प्रश्नचिन्हावर गेली. "जाऊ का?" तिने विचारले. इथे प्रश्न तिचा, म्हणून चिन्ह आत. पण तिने "जा" म्हटले ते रागाने का? हा प्रश्न निबंध लिहिणाऱ्याचा, म्हणून चिन्ह बाहेर. उताऱ्यातल्या संवादात आणखी कोणाचे बोलणे आले, तर त्याला एकेरी चिन्ह : "आबा म्हणे, 'घरी चाल.'" मधले शब्द गाळले, तर तिथे टिंबे द्यावीत.

बोलीबद्दल मात्र मला आग्रहाने सांगायचे आहे. अवतरणचिन्हे दिली की आतला शब्द मूळ लेखकाचा. तिथे 'काहून'चे 'का' करता येत नाही, 'जाऊन राहिला'चे 'जात आहे' करता येत नाही. प्रमाणभाषेत आशय सांगायचा असेल तर खुशाल सांगा, पण मग चिन्हे काढा आणि हे पात्राचे शब्द नाहीत, हे वाक्यातून कळू द्या. आमच्या वऱ्हाडी माणसाला चिन्हांत बसवून पुणेरी बोलायला लावू नये.

कोणी म्हणेल, ही चिन्हे इंग्रजांची, एकोणिसाव्या शतकातल्या मेजर कँडी या इंग्रज कोशकारांनी मराठीत रुजवलेली. खरे आहे. माझ्या गावाहून रिद्धपूर जवळ. तिथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले, तेव्हा अवतरणचिन्ह नव्हते. पण त्यात "सर्वज्ञें म्हणितलें", म्हणजे चक्रधरस्वामी म्हणाले, हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. कोण बोलतो आहे, हे सांगितल्यावाचून ते पुढे सरकत नाहीत. चिन्ह नव्हते, पण चिन्हाचे काम ते शब्दांनी चोख करीत होते. आज आपण ते शब्दही टाळतो आणि चिन्हही गाळतो.

येत्या रविवारी एवढी एकच ओळ दुरुस्त करून छापावी, ही विनंती. 'पऱ्हाटी' आणि 'नाई' तसेच ठेवून, दुहेरी अवतरणचिन्हांत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. मोर्शी, जि. अमरावती