स्वच्छतामंत्री झालेल्या मुलास

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र बुधवारी मामाने आणून दिले. बालमंत्रिमंडळात तुला क्रीडामंत्री व्हायचे होते आणि गुरुजींनी स्वच्छता तुझ्या गळ्यात घातली, वर वर्गातली पोरे तुला 'फडामंत्री' म्हणतात, हे वाचून तुझी आई खूप हसली. मला मात्र हसू आले नाही, कारण हे काम नीट करायचे म्हटले तर त्याला डोके लागते आणि ही गोष्ट मला स्वतःला फार उशिरा कळली. सकाळी सगळ्यांकडून पटांगण झाडून घेतले तरी दुपारी पुन्हा तेवढाच कचरा, असे तू लिहितोस. तर मग एक दिवस फडा बाजूला ठेव आणि ओट्यावर बसून नुसते पाहा, की कचरा कोठून येतो, कोणत्या वेळी येतो आणि तो टाकणाऱ्याला दुसरी काही सोय होती का.

मी गावातल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आलो त्या वर्षीची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यामुळे आम्हीही मोठ्या अधिकाराने सभा घेतली आणि मागच्या भिंतीलगत रोज पन्न्यांचा खच पडतो म्हणून पोरांना रागावलो. तेव्हा तिसरीतल्या एका मुलीने एक पन्नी उचलून हुंगली आणि सरळ म्हटले, "ही तर खर्र्याची आहे. आम्ही कुठे खर्रा खातो?" भिंतीपलीकडे पिंपळाचा पार आहे आणि संध्याकाळी तेथे कोण बसत असे हे तुला ठाऊक आहे. त्या तंबाखूच्या पन्न्यांत माझ्याही होत्या. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानेच मनाई आहे, तरी जवळची टपरी हलवायला आम्हाला दीड वर्ष लागले. पार मात्र दुसऱ्याच दिवशी रिकामा झाला, कारण त्या मुलीसमोर पुन्हा बसायची कोणाची छाती झाली नाही.

तुझ्या शाळेत पावसाळ्यात वर्गात जो चिखल होतो तोही असाच मुळापासून पाहा. आपली काळी माती चपलेला धरली की पाण्याने सुटत नाही, खरडावीच लागते, म्हणून दारात पोते टाकून फारसा उपयोग होत नाही. फाटकापासून व्हरांड्यापर्यंत मुरूम टाकून घ्यावा आणि पायरीजवळ लोखंडी पट्टी उभी गाडून घ्यावी, म्हणजे तळवा तिच्यावर घासून आत जाता येते. हे काम मोठ्यांचे आहे, तेवढे मुख्याध्यापकांना अर्ज लिहून माग. वर्ग झाडताना आधी पाण्याचा हलका शिपका मारावा, नाहीतर खडूची धूळ उडून पुन्हा बाकांवरच बसते.

खिचडीच्या वेळेविषयी मात्र मला अधिक सांगायचे आहे, कारण निम्मी घाण त्या अर्ध्या तासात होते. पहिली ते आठवीची सगळी पोरे एकदम एका नळावर जातात, रांग हलत नाही, मग मागची पोरे हात न धुताच बसतात आणि खरकटे ताटासकट नळाखाली ओततात. आम्ही गावात प्लास्टिकच्या पाइपला हातभर अंतरावर भोके पाडून तो टाकीला आडवा जोडला. त्यामुळे दहा पोरे एकाच वेळी हात धुतात आणि पाणीही कमी जाते. साबण कोणी घरी नेतो, कोणी गटारात पाडतो, म्हणून तो कांद्याच्या जाळीच्या तुकड्यात बांधून पाइपलाच टांगला. सांडपाणी परसबागेकडे वळवले, आणि खरकट्यासाठी वेगळी बादली ठेवली, ती शेजारच्या गोठ्यात जाते. तुमच्या शाळेत यातले काय जमेल ते तू ठरव, पण ज्या दिवशी बादली ठेवशील त्या दिवशी तिच्याजवळ स्वतः उभा राहा; पहिले चार दिवस कोणी तरी उभे राहावेच लागते.

संडासाविषयी तू एक ओळही लिहिली नाहीस. मुलींच्या संडासाला कुलूप असेल किंवा आत पाणी नसेल, तर त्या पोरी दिवसभर पाणीच पीत नाहीत. तुझी ताई सातवीत असताना असेच करायची आणि आम्हाला ते ती आजारी पडल्यावर कळले. दाराशी पाण्याचा ड्रम आणि पाणी घ्यायला मग असावा, आणि तो ड्रम भरायची पाळी मुलांची असावी. वापरण्याआधी थोडे पाणी ओतले तर घाण चिकटत नाही, हे लहान पोरांना शिकवून ठेव. मात्र अॅसिडच्या बाटलीला तुम्ही हात लावायचा नाही, आणि अॅसिड व ब्लीचिंग पावडर कोणी एकत्र करत असेल तर तेथून दूर व्हायचे; त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो छातीत जातो.

तुमच्याकडे झाडायला मुली आणि टेबल उचलायला मुले अशी वाटणी आहे, असे तू सहज लिहून गेलास. ही वाटणी मोड. घरी तू फडा हातात घेत नव्हतास, यात दोष आमचा होता.

गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यात, अंजनगाव सुर्जी तालुक्यात १८७६ साली जन्मले, हे तुला पाठ आहे. दरवर्षी २० डिसेंबरला त्यांच्या पुण्यतिथीला आपण खराटे घेऊन फोटो काढतो आणि दुसऱ्या दिवशी ते खराटे खोलीत जातात. बाबा मात्र गावात शिरले की कोणाला काही न सांगता आधी स्वतः झाडायला लागत आणि लोकांशी बोलणे रात्री कीर्तनात होई. तू दिवसभर आधी बोलतोस, म्हणून पोरे चिडवतात असे मला वाटते.

शनिवारी अर्धा दिवस शाळा असते, तेव्हा टाकी, माठ आणि छतावरचे जुने टायर रिकामे करून कोरडे करा. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्या अंड्यांचे डास होतात, म्हणून आठवडा चुकवायचा नाही. कडुनिंबाचा पाला पेटवू नका, खड्ड्यात टाकून वर शेणकाला ओता.

रविवारी मामा बाजाराला येतील तेव्हा त्यांच्यासोबत तुराट्यांचे दोन खराटे आणि कांद्याच्या पाच जाळ्या पाठवतो. तुझ्या आईने साबणाच्या वड्याही बांधून ठेवल्या आहेत, त्यातली एक मामीला दे. पाइप किती फूट लागेल ते दोरीने मोजून पुढच्या पत्रात कळव.

तुझे
बाबा