लाल झाकणाचा डबा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

दीड वर्ष झालं, तुला एक ओळ लिहिली नाही. तुझ्या मागच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं आणि मग इतके दिवस उलटले की नुसतं "कसा आहेस" विचारायचीही लाज वाटायला लागली. आज लिहायला बसलोय, कारण घडलंच तसं आहे आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळायचं नाही. घरी सांगून पाहिलं. बीड म्हणजे फ्लास्कमध्ये फिरून रिॲक्शन ढवळणारं, टेफ्लॉन चढवलेलं छोटं चुंबक, हेही समजावलं. "एवढंच ना, बीड बदलून टाका की," म्हणून सगळे झोपायला गेले. तब्येत बरी आहे, पाठीचं तेच जुनं.

आमचा लोखंडाच्या कपलिंगचा पेपर तुला आठवत असेलच, दोन रेणू जोडायला नेहमीच्या पॅलेडियमऐवजी लोखंड उत्प्रेरक म्हणून वापरलं होतं तो. तो आला तेव्हा पहिला फोन तुझा होता. "पॅलेडियमशिवाय ब्रोमाइड आणि बोरोनिक ॲसिड जोडलंस, आता आम्ही पॅलेडियमवाल्यांनी जायचं कुठे?" असं म्हणून तू हसत सुटला होतास. मित्रा, तुला कुठेही जायला नको. ते पॅलेडियमच होतं.

सविस्तर सांगतो. मागच्या महिन्यात लॅबमध्ये एक नवीन मुलगी आली. हात बसावा म्हणून तिला आधी तीच रिॲक्शन दिली, पेपरातली पहिली, ९२ टक्के प्रॉडक्ट देणारी. संध्याकाळी ती टीएलसीची, म्हणजे रिॲक्शन कुठवर आली ते ठिपक्यांनी दाखवणारी, प्लेट घेऊन आली. ब्रोमाइडचा ठिपका जिथल्या तिथे आणि प्रॉडक्टच्या जागी कोरं. मी म्हटलं, बेस (अल्कली) ओला असेल, वाळवून घे. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी मी स्वतः शेजारी उभा राहिलो. वजनं बरोबर, आर्गॉन बरोबर, तेलाचं तापमान बरोबर, आणि तरी प्लेट कोरी. मग तिला म्हटलं, तू काय काय केलंस ते अगदी पहिल्यापासून सांग, क्षुल्लक वाटेल तेही सांग. तेव्हा ती अडखळत म्हणाली, "सर, ड्रॉवरमधली मॅग्नेटिक बीड्स जरा काळपट दिसली, म्हणून मी नवीन पाकीट फोडलं."

मला तिथेच घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी तीन फ्लास्क लावले. जुनं बीड आणि लोखंड, ८८ टक्के. नवीन बीड आणि लोखंड, ३ टक्के. जुनं बीड आणि लोखंड अजिबात नाही, ७९ टक्के. तो तिसरा आकडा प्रॉडक्ट मोजणाऱ्या जीसी यंत्राच्या स्क्रीनवर आला तेव्हा मी खुर्ची ओढून खाली बसलो. ती पोरगी बिचारी माझ्याकडे बघत उभी. तिला वाटलं, तिचंच काही चुकलं.

ते बीड मी मायक्रोस्कोपखाली धरलं. नुसत्या डोळ्यांना ते फार तर जुनं वाटतं, पांढऱ्यावर थोडी राखाडी झाक. लेन्सखाली मात्र टेफ्लॉनवर चरेच चरे. काचेच्या तळाशी वर्षानुवर्षं घासून पडलेल्या त्या बारीक घळी, आणि घळींच्या तळाला काळे कण, कुणी पेन्सिलीचं टोक मोडून ठेवल्यासारखे. धातू विरघळवणाऱ्या ॲक्वा रेजिया आम्लात भिजवलं आणि ते द्रावण धातूंचे अंश मोजणाऱ्या आयसीपी-एमएसला पाठवलं. पॅलेडियम निघालं, पाचेक मायक्रोग्रॅम. तुझा आवडता हिशोब करून बघ. पाच मायक्रोग्रॅम म्हणजे ०.०५ मायक्रोमोलसुद्धा नाही. रिॲक्शन एक मिलिमोलची. म्हणजे ते सगळं कामाला लागलं असं धरलं तरी एकेका अणूनं सतरा हजारांच्या आसपास फेऱ्या मारल्या, दर फेरीला एक जोडणी. आणि ज्याचं नाव पेपरच्या मथळ्यात आहे ते लोखंड १० मोल टक्के, म्हणजे दर शंभर रेणूंमागे दहा, घालून नुसतं बसून होतं. ह्यू टेलरनं १९२५ साली मांडलं होतं ना, की उत्प्रेरकाचा सगळा पृष्ठभाग काम करत नाही, मोजक्या जागाच करतात. माझ्या उत्प्रेरकाच्या त्या जागा बीडच्या चऱ्यात होत्या.

आता ऐक, ती बीड्स कुणाची. तुझी.

आपल्या गाइड बाईंची लॅब सोडताना तू मला दोन डबे दिले होतेस. लाल झाकणाचा पॅलेडियमच्या कामाचा, निळ्या झाकणाचा बाकी सगळ्याचा. "हे दोन कधी एकत्र करू नकोस," असं तू तीनदा बजावलंस. तिसऱ्यांदा तर मी वैतागलो होतो. पुढे माझी स्वतःची लॅब मांडताना दोन्ही डबे एकाच ड्रॉवरमध्ये रिकामे झाले. दुसऱ्या कुणी नाही, मीच केले. मोठी, अंडाकृती, चांगली फिरणारी बीड्स होती ती, म्हणून लॅबमधल्या मुलांची आवडती झाली.

आपलं ते भांडण आठवतं का? मी तुझं बीड न विचारता घेतलं आणि तू आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीस. एकाच हुडला शेजारी उभे राहून चिठ्ठ्या लिहायचो, "रोटा मोकळा झाला की सांग." तुझ्या त्या बीडच्या सोवळ्यावर मी अख्ख्या लॅबला हसवलं होतं. बाई मात्र हसल्या नव्हत्या, हे मला आत्ता आठवतंय. तू म्हणाला होतास, "टेफ्लॉन पांढरं दिसतं म्हणजे स्वच्छ असतं असं नाही." २०१९ साली एका गटानं वापरलेली बीड्स इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली घालून नेमकं हेच दाखवलं. चऱ्यांत पॅलेडियम, प्लॅटिनम, सोनं, जे कधी हाताळलं असेल ते अडकून बसलेलं. मी तो पेपर तेव्हा वाचला होता. मुलांना वाचायलाही दिला होता.

तू लगेच विचारशील, "ब्लँक घेतला नव्हतास?" घेतला होता. लोखंडाशिवायचे सहा ब्लँक, सगळे शून्य, पेपरच्या पुरवणीत (एसआय) छापलेले आहेत. पण ब्लँक म्हणजे काय, नुसती तपासणी, म्हणून ते छोट्या व्हायलमध्ये लावले. छोट्या व्हायलला छोटं बीड लागतं आणि छोटी बीड्स पाकिटातली नवीन होती. लोखंडाचं क्लोराइड ९९.९९ टक्के शुद्ध घेतलं, बेसमध्ये पॅलेडियम आहे का तेही मोजून घेतलं. जी वस्तू रिॲक्शनमध्ये घालतो असं कुणी लिहीतसुद्धा नाही, ती तेवढी मोजायची राहिली.

त्या रात्री झोप येईना, म्हणून जुने पेपर काढून बसलो. २००३ साली पाण्यात, मायक्रोवेव्हमध्ये, धातूशिवाय सुझुकी, म्हणजे ब्रोमाइड आणि बोरोनिक ॲसिडची हीच जोडणी, होते असं छापून आलं होतं, आठवतंय? बाईंनी ग्रुप मीटिंगला तो वाचायला लावला होता. दोन वर्षांनी त्याच लोकांनी स्वतःच लिहिलं की बाजारातून घेतलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये पॅलेडियम होतं, ५० पीपीबी, म्हणजे शंभर कोटी भागांत पन्नास, आणि तेवढं पुरत होतं. २००९ मध्ये बुखवाल्ड आणि बोल्म या रसायनशास्त्रज्ञांनी मिळून लोखंडी क्लोराइडच्या कपलिंगमध्ये भेसळ म्हणून आलेलं तांबं दाखवलं. बोल्म तर स्वतःच त्या लोखंडाच्या रिॲक्शन आधी छापून बसला होता, तरी त्या पेपरवर त्याचं नाव आहे. २०२१ मध्ये धातूशिवाय, नुसत्या अमाइन या सेंद्रिय संयुगानं सुझुकी होते असा मोठा गाजावाजा झाला. ते अमाइन बनवायलाच पॅलेडियम वापरलं होतं आणि ते त्यातून गेलं नव्हतं. पेपर त्याच वर्षी मागे घ्यावा लागला. हे सगळं मला पाठ होतं रे. दरवर्षी वर्गात शिकवतो.

आता तू पॉलिथीनवाल्या झीग्लरचा दाखला काढशील, मला माहीत आहे. १९५३ साली ऑटोक्लेव्हमध्ये, त्या दाबाच्या भांड्यात, निकेलचा अंश राहिला, एथिलीनची लांब साखळी न होता ते ब्युटीनवरच थांबलं आणि त्या मळाचा माग काढता काढता पॉलिथीनचा उत्प्रेरक हाती लागला. नाहीतर जर्मन रसायनशास्त्रज्ञ मिटाशचं ते स्वीडनचं मॅग्नेटाइट, लोखंडाचं खनिज. १९०९ साली अमोनियासाठी शुद्ध लोखंडापेक्षा ते अशुद्ध खनिज सरस ठरलं, कारण त्यातल्या भेसळीनंच काम केलं. मग मिटाशनं हजारो नमुने तपासले आणि ॲल्युमिना, पोटॅश घातलेलं लोखंड पक्कं केलं. "मळाला शिव्या देऊ नकोस, निम्मं उत्प्रेरण मळावर उभं आहे," हे तुझं वाक्य मी अजून मुलांना ऐकवतो. पण फरक बघ ना. झीग्लरची रिॲक्शन बिघडली म्हणून त्यानं कारण शोधलं. आमची चालली म्हणून आम्ही शोधलं नाही. प्लेट कोरी आली तेव्हा तिसऱ्या दिवशी मी स्वतः त्या मुलीच्या शेजारी उभा राहिलो. ९२ टक्के आलं होतं तेव्हा एक दिवस तरी असा उभा राहिलो होतो का?

आणि खरं जे खातंय ते आता लिहितो. इतका वेळ टाळलं.

मागच्या वर्षी परदेशातल्या एका लॅबमधून एका विद्यार्थ्याचा मेल आला होता. पीएच.डी.चं दुसरं वर्ष. फार नम्रपणे लिहिलं होतं की तुमची रिॲक्शन आमच्याकडे चालत नाही, पाच टक्क्यांच्या वर जात नाही, आम्ही काय चुकतोय? सोबत सगळे आकडे, प्लेट्सचे फोटो. मी दोन ओळींत उत्तर दिलं. "बेस नीट वाळवा. आमच्याकडे व्यवस्थित चालते." महिन्याभरानं त्याचा परत मेल. बेस वाळवला, सॉल्व्हंट बदलला, लोखंड तीन ठिकाणांहून मागवून पाहिलं. त्याला मी उत्तरच दिलं नाही. वाटलं, हात बसला नसेल पोराचा. त्या मुलाचे किती महिने गेले असतील? त्याच्या गाइडनं त्याला काय काय ऐकवलं असेल? आपण दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा त्या प्रसिद्ध लिगँडचं, धातूला धरून राहणाऱ्या रेणूचं, लफडं झालं होतं, छापलेली रिॲक्शन तुझ्याकडे चालेना. सहा महिने तू रोज रात्री अकरापर्यंत थांबायचास आणि म्हणायचास, "माझ्या हातातच काही नाही." आणि ज्यांचा पेपर होता त्यांनी तुला एका ओळीचंही उत्तर दिलं नव्हतं. तेव्हा मी त्यांना काय काय बोललो होतो! मित्रा, आता तो मी आहे.

पेपर मागे घ्यायचा हे ठरलंय. इथे एकानं सुचवलं की दुरुस्ती छाप, "अंशतः पॅलेडियमचा सहभाग" असं काहीतरी लिही, आणि निदान पुढच्या परिषदेतलं व्याख्यान तरी होऊ दे, मग बघू. माणूस वाईट नाही, माझ्या काळजीनंच बोलला. पण मथळ्यातच लोखंड आहे आणि लोखंड काही करत नाही, तर दुरुस्ती कशाची करायची? परिषदेच्या आयोजकांना कळवलंय की व्याख्यानाचा विषय बदलतोय, बोलायचं असेल तर याच बीडबद्दल बोलेन. त्यांचं अजून उत्तर नाही.

अडलंय ते एकाच ठिकाणी. ज्यानं ते सगळं काम केलं, त्या माझ्या विद्यार्थ्याचं. तू त्याला भेटला आहेस, पोस्टरपाशी तासभर पकडून ठेवलं होतंस. त्याच्या प्रबंधाची दोन प्रकरणं यावर आहेत. सध्या नोकरीसाठी अर्ज करतोय आणि अर्जात पहिलं नाव याच पेपरचं. त्यानं एकही आकडा खोटा लिहिलेला नाही, वह्या मी परत पानन्‌पान पाहिल्या. ड्रॉवरमधलं बीड उचलून फ्लास्कमध्ये टाकायचं हे त्याला मीच शिकवलं. मागे घेण्याच्या निवेदनात हे स्पष्ट लिहिणार आहे की बीड्स कुठून आली, कुणी एकत्र केली. पण लोक निवेदन कुठे वाचतात, "मागे घेतला" एवढंच वाचतात. त्याच्या मुलाखती पुढच्या महिन्यात आहेत. आधी सांगू की नंतर, असा दोन दिवस घोळ घातला. आधीच सांगणार. मुलाखतीत त्यानं तो पेपर दाखवावा आणि मला माहीत असावं, हे मला जमायचं नाही. पण फोनवर पहिलं वाक्य काय बोलू? तीनदा कागदावर लिहिलं, तीनदा फाडलं. तू लोकांना वाईट बातम्या बऱ्या सांगतोस. मला कपलिंग सोडून दे असं सांगितलंस तेव्हासुद्धा मला राग आला नव्हता. दुसऱ्या दिवशी आला.

तुझं काय चाललंय? कारखान्यातला, कोक (कार्बनचा थर) साचलेला तो कोबाल्ट-मॉलिब्डेनम उत्प्रेरकाचा बेड बदलला का? शटडाउन उरकलं असेल तर जरा झोप घे. धाकटीचा निकाल काय लागला? आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का, तेही कळव. आणि एक, तू कारखान्यात गेलास तेव्हा "विज्ञान सोडलंस" असं मी म्हणालो होतो. ते मनापासून मागे घेतो. तुझा उत्प्रेरक रात्रंदिवस चालतो, आणि चालत नसेल तर ते रिॲक्टरच्या दुसऱ्या टोकाला त्याच दिवशी दिसतं.

परवा त्या परदेशातल्या मुलाला लांबलचक मेल लिहिला. सगळं कळवलं, माफी मागितली, त्याच्या गाइडलाही प्रत पाठवली आणि लिहिलं की तुमच्या विद्यार्थ्याचे आकडे पहिल्यापासून बरोबर होते. निवेदनाबरोबर ते आकडेही छापू द्याल का, असं विचारलंय. काल उत्तर आलं. रागाचा एक शब्द नाही. गाइडची परवानगी आहे म्हणतो. त्यानं पुढे फक्त एवढंच लिहिलंय, "आमच्या लॅबचा नियम आहे, धातूच्या कामाला दर वेळी नवीन बीड. मला तो नियम उधळपट्टी वाटायचा."

सोमवारी सकाळी मी माझ्या त्या विद्यार्थ्याला फोन करतोय. रविवारी रात्री तू मला कर, कितीही उशीर झाला तरी चालेल. ड्रॉवर आवरताना ते लाल झाकण सापडलं, टेबलावर समोरच ठेवलंय. त्यावर तुझ्या अक्षरात "फक्त पॅलेडियम" अजून वाचता येतं.

तुझाच,
मी