फराळ मोजून खाण्याबद्दल सुहासला पत्र

सातारा,
दसऱ्यानंतरचा रविवार

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र कालच मिळालं. साखर काठावर आली म्हणून या दिवाळीत फराळाला हातच लावायचा नाही असं तू ठरवलंस, हे वाचून गलबलून आलं. वाड्यात नरकचतुर्दशीला सगळ्यांच्या आधी ताट घेऊन बसणारा तू! औषध आणि पथ्याचं डॉक्टर सांगतील तेच कर, तिथे माझं ऐकू नकोस. पण त्यांनी थोडं खायला परवानगी दिली, तर ते ‘थोडं’ नेमकं किती, हे मी वर्षभर मोजून बघतोय. ते तुला सांगायचंय.

मी कॅलरी लिहायला लागलो तेव्हा वहीत ‘बेसन लाडू १’ एवढंच लिहायचो. मग गेल्या दिवाळीत आईने वळलेले वीस लाडू एकेक करून काट्यावर ठेवले. सगळ्यात लहान ३८ ग्रॅमचा, सगळ्यात मोठा ५७ चा. आईचा हात किती बसलेला आहे तुला माहीत आहे, तरी एवढा फरक! परातीतलं संपवायचं म्हणून शेवटचे लाडू मोठे होतात.

आमचं प्रमाण असं : बेसन अर्धा किलो, तूप पाव किलो, पिठीसाखर ४०० ग्रॅम. तुपाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, साखरेच्या ४, बेसनाच्या पावणेचारच्या आसपास. बेरीज ५,७०० च्या घरात जाते आणि सगळ्याचं वजन ११५० ग्रॅम. म्हणजे लाडवाच्या ग्रॅमला साधारण ५ कॅलरी. लहान लाडू १९० चा, मोठा २८५ चा. मधे एक अख्खा फुलका बसतो. आणि तुझ्या कामाचा आकडा म्हणजे ४० ग्रॅमच्या लाडवात १४ ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी. त्यात चहाचीही आली. हा हिशेब डॉक्टरांना दाखव.

चिवड्याने मला सगळ्यात जास्त फसवलं. वाटीने घ्यायचो आणि वाटी रोज तीच, म्हणून निर्धास्त होतो. पण डब्यात शेंगदाणे, डाळं, खोबरं खाली बसतं आणि वर राहतात नुसते पोहे. पहिल्या दिवशीची वाटी २८ ग्रॅम भरली, तळाची ४६. शिवाय तळाच्या वाटीत दाणे जास्त, म्हणजे ग्रॅममागे कॅलरीही जास्त. आता चिवडा झाला की परातीत हलवून लगेच तीस-तीस ग्रॅमच्या पुड्या बांधून ठेवतो.

चकलीचं तेल कसं मोजायचं, हा प्रश्न बरेच दिवस सुटत नव्हता. शेवटी कढई तेलासकट तळणीआधी तोलली आणि पूर्ण गार झाल्यावर पुन्हा तोलली. अर्धा किलो भाजणीच्या चकल्यांना दीडशे ग्रॅम तेल कमी झालं होतं. मोहन वेगळं. एक मध्यम चकली जवळजवळ १०० कॅलरीची निघाली. तेल जरा कमी तापलं की चकली जास्त तेल पिते हे आई नेहमी सांगायची. ते मला तेव्हा आकड्यात दिसलं.

वरून तूप घ्यायचं असेल तर तुपाचा डबाच काट्यावर ठेव, शून्याचं बटण दाब आणि चमचाभर काढून घे. काटा उणे ९, उणे १२ असं दाखवेल, तेवढं तूप चमच्यात आलं. चमच्याला चिकटलेलंही त्यात मोजलं जातं. घरच्या काट्यावर दोन-तीन ग्रॅम थेट तोलायला गेलास तर तो नीट दाखवत नाही.

सुरुवातीला आईला हे फार लागलं होतं. ओट्यावर काटा बघून म्हणाली, “माझ्या हातचं आता तोलून खाणार का रे?” मला काही बोलताच येईना. दुसऱ्या दिवशी तिला वही दाखवली, गोड बंद करून काढलेले दोन महिनेही सांगितले. ती बराच वेळ आकडे बघत बसली. मग तिने तिच्या सासूबाईंचं मापटं काढून दाखवलं. दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, धान्य त्यावरच मोजलं जायचं. म्हणाली, “घरात मोजणं काही नवं नाही.” या वर्षी पहिल्या घाण्याचे लाडू तिने स्वतः वाटीत ठेवून ३० ग्रॅमचे वळले. लहान दिसतात, पण घास तोच आहे, तुपाचा वासही तोच.

दुसऱ्यांच्या घरी गेलो की मी एक लाडू खातो आणि वहीत ५० ग्रॅम लिहून टाकतो. तिथे वजन विचारत बसायचं नाही.

उद्या डबा पाठवतोय. दहा लाडू आणि चिवड्याच्या सहा पुड्या आहेत, झाकणाला आतून वजनाची चिठ्ठी लावली आहे. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय उघडू नकोस. ते नको म्हणाले तर लाडू मुलांना दे आणि मला कळव. आई भाजणीचं काहीतरी वेगळं करून पाठवेल. काकूंच्या गुडघ्याचं कसं आहे तेही लिही.

तुझाच,
अविनाश