शिवारातल्या राणीछाप रुपयाची नोंद कुठे करायची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळ कांदा निघाला की खरिपाच्या पेरणीपर्यंत रान मोकळे असते आणि त्याच दिवसांत मेटल डिटेक्टर खांद्याला लावून हिंडणारी मंडळी बाहेर पडतात. शोध असतो व्हिक्टोरिया राणीचे चित्र असलेल्या राणीछाप रुपयांचा, ईस्ट इंडिया कंपनीच्या तांब्याच्या पैशांचा, पलटणीच्या बटणांचा आणि शिशाच्या गोळ्यांचा. नाशिक जिल्ह्यात या वस्तू निघाल्या तर नवल नाही. १८१८ मध्ये त्र्यंबकचा किल्ला आणि मालेगाव इंग्रजांनी घेतले, पुढे थळ घाटातून रेल्वे आली, देवळालीला छावणी वसली. पैसा जिथे हातोहात फिरला तिथे तो सांडलाही. छंद वाईट नाही. मात्र खणण्याची पद्धत चुकते, धुण्याची त्याहून चुकते आणि सापडलेल्या वस्तूची नोंद बहुधा कुठेच होत नाही.

आधी कायदा. १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम आजही लागू आहे. जमिनीत दडलेले, दहा रुपयांहून जास्त किमतीचे काही सापडले तर काय सापडले, अंदाजे किंमत किती, कुठे आणि कोणत्या तारखेला, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. ठेव सरकारी कोषागारात जमा करायची किंवा हमी द्यायची. न कळवल्यास सापडणाऱ्याचा हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दहा रुपयांची मर्यादा १८७८ ची. आज एका राणीछाप रुपयातली चांदीच तिच्या कितीतरी पट भरते. एकटे नाणे ‘दडवलेले’ मानायचे की खिशातून पडलेले, यावर वकील खुशाल वाद घालोत. कळवून मोकळे होणे बरे. शिवाय शंभर वर्षांवरचे नाणे पुरातन वस्तूंविषयीच्या १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरते, ते देशाबाहेर पाठवता येत नाही. शेतमालकाची लेखी संमती हवीच. पांडवलेणी किंवा नाशिकच्या जुन्या गढीच्या आसपास मशीन नेऊच नये. गढीवर १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजने उत्खनन करून मातीच्या थरांचा कालक्रम लावला. तिथे हौसेचा एक खड्डा म्हणजे पुस्तकाचे पान फाडणे.

आता माती. व्हिडिओत दिसणारी विलायती कुरणे वेगळी आणि आपली काळी माती वेगळी. ती बेसाल्टची झीज होऊन बनलेली, लोहखनिजाने भरलेली. मशीन त्या खनिजालाच दाद देते. म्हणून सुरुवातीला धातू नसलेल्या जागेवर कॉइल, म्हणजे मशीनची खालची तबकडी, जमिनीपासून तीन सेंटीमीटरवरून वीस-पंचवीस सेंटीमीटरपर्यंत वर-खाली करून, आवाज थांबेपर्यंत ग्राउंड बॅलन्स करावा, म्हणजे मशीन त्या मातीशी जुळवून घ्यावे. काळ्या रानातून मुरमाड बांधाकडे सरकलात की पुन्हा करावा. हे न केल्याने मशीन सतत कुरकुरते आणि माणूस वैतागून सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीनची संवेदनक्षमता, आणखी वाढवतो. करायचे असते नेमके उलटे: ती थोडी कमी करावी. खोली घटते, पण जे वाजते ते खरे वाजते. अकरा इंची डबल-डी (इंग्रजी D च्या आकाराची दोन वेटोळी असलेल्या) कॉइलला हलक्या मातीत पैशाएवढी वस्तू वीस सेंटीमीटरवर लागत असेल, तर आपल्याकडे दहा-बारावर समाधान मानावे.

द्राक्षबागेत जाण्यात अर्थ नाही. लोखंडी अँगल आणि तारा दोन्ही बाजूंनी ओरडतात. पंपाची मोटर चालू असेल किंवा डोक्यावरून विजेची तार जात असेल तरी तेच. मोकळ्या रानात मीटर-मीटरवर दोरी लावून पट्टे पाडावेत, कॉइल जमिनीला समांतर ठेवावी, प्रत्येक फेर आधीच्या फेरावर निम्मा यावा. झोक्याच्या टोकाला हात वर उचलला जातो आणि नेमकी तिथलीच वस्तू सुटते.

आवाज आला की काटकोनात फिरून दुसऱ्या बाजूने तपासावे. मशीनच्या पडद्यावर नाण्याचा आकडा दोन्हीकडून जवळपास सारखा येतो. खिळ्याचा आणि खनिजाने भरलेल्या दगडाचा बदलतो. आपल्या रानात सगळ्यांत जास्त फसवतात बैलाच्या नाला आणि त्यांचे खिळे, गाडीच्या धावेचे तुकडे, औषधाच्या बाटल्यांची अॅल्युमिनियमची सिले आणि गुटख्याच्या पुड्या. चपटे मोठे लोखंड तर कधी कधी थेट चांदीसारखे वाजते. बैलाच्या गळ्यातले पितळी घुंगरू नाण्यासारखे वाजते, पण ते टाकून देऊ नये. तेही जुने असू शकते.

खणताना आधी पिनपॉइंटरने, म्हणजे हातात धरायच्या छोट्या डिटेक्टरने, जागा पक्की करावी. तीन बाजूंनी काप घेऊन वीतभर रुंदीचे ढेकूळ उलटावे, माती गोणपाटावर काढावी, शेवटी खड्डा बुजवून पायाने दाबावा. नांगरटीच्या खाली, म्हणजे साधारण २० ते ३० सेंटीमीटरच्या पुढे जाऊ नये. वरचा थर नांगराने आधीच ढवळलेला असतो. खालचा शाबूत असू शकतो. आणि खोलीवरून वय सांगू नये. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, नाणे भेगेतून खाली उतरते, पावसात माती फुगली की भेग मिटते. १९४३ नंतरचा भोकाचा पैसा मराठेशाहीतल्या तांब्याच्या शिवराईच्या खाली सापडू शकतो.

एकाच जागी दोन-तीन नाणी, खापरे किंवा गाडग्याचा काठ दिसला की हात थांबवावा. फोटो घ्यावा, शेजारी पट्टी ठेवावी, गट नंबर आणि जीपीएसचे आकडे दशांशानंतर पाच स्थळांपर्यंत लिहावेत. तेवढ्याने जागा मीटरभराच्या बारकाईने लिहिता येते. हा हट्ट का, याचे उत्तर सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला आहे. १९०६ मध्ये तिथे नहपान या क्षत्रप राजाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी निघाली. ढीग एकत्र मोजला गेला, म्हणून त्यांतल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारल्याचे कळले. तीच नाणी मूठमूठ करून सराफाकडे वितळली असती, तर सातवाहनांनी क्षत्रपांचा पाडाव केल्याचा एवढा मोठा पुरावा मुशीत गेला असता.

देवळालीच्या तोफखान्याच्या रेंजलगतच्या गावांत मशीन घेऊन जाऊच नये. तोफगोळ्याचा तांब्याचा पट्टा छान उंच सुरात वाजतो. न फुटलेला गोळा जुना झाला म्हणून निवत नाही. दिसला तर न हलवता मागे फिरावे आणि लांब जाऊन ११२ ला फोन करावा. पितळाच्या भंगारापायी त्याला हातोडी लावणे म्हणजे मरणाला बोलावणे.

घरी आणल्यावर चिंच, लिंबू, पितांबरी, नारळाची शेंडी यांतले काही नाण्याला लावू नये. आम्लाने तांब्यावरचा पक्का हिरवा-तपकिरी थर जातो आणि सालाचा आकडा त्या थरातच टिकलेला असतो. डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवावे, पाणी रोज बदलावे, नीट वाळवून सिलिका जेलसह डबीत ठेवावे. पावडरीसारखे फिकट हिरवे ठिपके परत परत उमटले तर आत क्षार आहेत असे समजून ते नाणे बाकीच्यांपासून वेगळे करावे. शिशाच्या गोळीवरची पांढरी भुकटी विषारी असते. हात धुवावेत आणि गोळी लाकडी कपाटात ठेवू नये.

खरे-खोटे बघायला वजनकाटा पुरतो. १८३५ ते १९३९ मधला रुपया ११.६६ ग्रॅमचा, १८३५ चा पाव आणा ६.४८ ग्रॅमचा, झिजेने थोडे कमी भरेल, जास्त नाही. दोन्ही लोहचुंबकाला चिकटत नाहीत. राम-सीता किंवा हनुमान असलेली ‘१८१८ ची कंपनीची’ नाणी लाखांना विकली जातात. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. अंजनेरीच्या नाणे संशोधन संस्थेच्या संग्रहालयात एक दुपार घालवली तरी डोळा तयार होतो.

मागणी एवढीच आहे. कायदा लेखी कळवायला सांगतो, पण शेतात रुपया सापडलेल्या माणसाला कोणता कागद कुठे द्यायचा हे गावात विचारून कळत नाही. जिल्हा प्रशासनाने मराठीत एका पानाचा नमुना तलाठी कार्यालयात ठेवावा: गट नंबर, जागेचे आकडे, खोली, संख्या, वजन, फोटो. पुरातत्त्व विभागाला त्याची प्रत जावी. आणि खाली पोच देण्याची जागा असावी. शिक्क्याची प्रत हातात पडली नाही, तर पुढच्या खेपेला तो माणूस तलाठ्याकडे न येता सराफाकडे जाईल.

आपला,
एक नाणेसंग्राहक, नाशिक