आधी रेल मोज, मग सोल्डरिंग आयर्न तापव

ऐरोली, नवी मुंबई
२० जुलै

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र कालच मिळालं. टेक्ट्रॉनिक्सचा २२१५ ऑसिलोस्कोप (विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणारं यंत्र) तुझ्या हाती लागला हे वाचून फार आनंद झाला. पण शेवटी तू लिहिलंयस की चालू केल्यावर नुसती टिक टिक ऐकू येते, पडदा काळाच राहतो, आणि म्हणून येत्या रविवारी पॉवर सप्लायमधले झाडून सगळे कपॅसिटर बदलणार आहेस. ते वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. तसं करू नकोस रे.

ती टिक टिक म्हणजे सप्लाय मेल्याची खूण नाही. तो जिवंत आहे. दर वेळी उठायचा प्रयत्न करतो, पुढे कुणीतरी जास्त करंट ओढतंय हे त्याला कळतं, तो स्वतःला बंद करतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. सोसायटीच्या टाकीत पाणी ठरत नसेल तर आपण आधी पंप बदलत नाही, कुठल्या मजल्यावर नळ उघडा राहिलाय ते बघतो. इथेही आधी तेच बघायचं.

माझ्याकडच्या टेक्ट्रॉनिक्सच्याच ४६५ स्कोपचं सविस्तर सांगतो, कारण पद्धत तीच आहे. हे १९७२ चं मॉडेल, १०० मेगाहर्ट्झ, दोन चॅनेल. पोर्टेबल म्हणायचं, पण वजन दहा किलोच्या घरात. रबाळे एमआयडीसीतल्या एका बंद झालेल्या लॅबमधून भंगारात निघाला होता. पंखा फिरत होता, पण पडद्यावर ठिपकासुद्धा नव्हता. मागचा व्होल्टेज सिलेक्टर २३० वर आहे ना, फ्यूज योग्य मापाचा आहे ना, हे बघून घेतलं. मग सिरीज बोर्डवर (मेन आणि स्कोपच्या मध्ये बल्ब येतो असा बोर्ड) २०० वॅटचा बल्ब लावून स्कोप चालू केला. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि डायोडच्या बाजूला मोठा शॉर्ट नव्हता. मग बल्ब काढून थेट मेनवर लावला. बल्ब मध्ये असताना रेलची, म्हणजे सप्लायमधून निघणाऱ्या ठरावीक व्होल्टेजच्या लाइनची, मापं घेण्यात अर्थ नसतो, सगळीच खाली येतात.

४६५ मध्ये लो-व्होल्टेज रेल पाच: ११०, ५५, १५, ५ आणि उणे ८ व्होल्ट. यात ५५ ची रेल सर्वांत आधी मोजायची, कारण बाकीच्या रेल तिचाच संदर्भ धरून चालतात. ती चुकली तर पुढची सगळी मापं चुकीचीच येणार. माझी ५५ अगदी जागेवर होती. १५ च्या जागी मात्र मीटर जेमतेम अर्धा व्होल्ट दाखवत होता. रेग्युलेटरने (रेलचं व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या सर्किटने) करंट आवरून धरला होता, म्हणून फ्यूजही उडाला नव्हता. स्कोप बंद करून रेल ते चासी (धातूचा सांगाडा) रेझिस्टन्स घेतला, तर दोन-तीन ओहम. रेग्युलेटरचा काहीच दोष नव्हता. बोर्डांवर कुठेतरी, बहुधा टँटलम कपॅसिटर, आरपार शॉर्ट होता.

एका रेलवर असे कपॅसिटर ढिगाने असतात, आणि मीटरच्या बीपला ते सगळे सारखेच शॉर्ट दिसतात. इथेच माणूस कंटाळून एकेक उपटायला लागतो. त्याऐवजी स्कोप बंद ठेवून बेंच सप्लायमधून (टेबलावरच्या, व्होल्टेज-करंट ठरवता येणाऱ्या सप्लायमधून) त्या रेलला अर्धा व्होल्ट द्यायचा आणि करंट एक अँपियरच्या आत बांधायचा. एवढ्याशा व्होल्टेजला ट्रान्झिस्टर जागे होत नाहीत, म्हणून जवळपास सगळा करंट शॉर्टकडेच धावतो. आता मीटर मिलिव्होल्टवर ठेवून ग्राउंडच्या मानाने रेलच्या ट्रॅकवरून प्रोब पुढे पुढे नेत जायचा. करंट वाहतोय तोवर आकडा थोडाथोडा उतरत जातो. शॉर्टच्या पलीकडे गेलास की उतरायचा थांबतो, कारण पुढे करंटच नाही. शिवाय ज्या फाट्यावर तो अजिबात बदलत नाही, ती बोर्डाची बाजू निर्दोष. श्रीकांत, त्या आकड्यांच्या मागे मागे जाताना मला जो आनंद झाला, तो शेवटी पडदा उजळला तेव्हाच्या आनंदाहून कमी नव्हता. ट्रॅक व्हर्टिकलच्या (ट्रेस वर-खाली हलवणाऱ्या सर्किटच्या) भागात गेला, आणि तिथे एका टँटलमपाशी आकडा थांबला. त्याचा एक पाय सोडवला. रेल मोकळी.

टँटलमचा स्वभाव असाच. ॲल्युमिनियमचा इलेक्ट्रोलिटिक म्हातारा झाला की सुकतो, त्याची कपॅसिटी कमी होते, ईएसआर (त्याचा आतला रेझिस्टन्स) वाढतो. टँटलम मात्र वर्षानुवर्षं उत्तम चालतो आणि एके दिवशी शॉर्ट होतो. त्याला व्होल्टेजची ओढाताण सोसत नाही, म्हणून १५ च्या रेलवर मी ३५ व्होल्टचा टाकला. बसवताना एक गोष्ट नीट बघ. ॲल्युमिनियमच्या कपॅसिटरवर पट्टा ऋण पायाकडे असतो, टँटलमवर खूण धन पायाकडे असते. उलटा बसला तर धूर ठरलेला.

१५ आल्यावर पडद्यावर ट्रेस (प्रकाशाची रेघ) आला, पण त्यावर बारीक लहर होती. दुसऱ्या स्कोपने रिपल (डीसीवर उरलेली लहर) बघितला, तर ५ च्या रेलवर १०० हर्ट्झ. हा आकडा फार उपयोगाचा आहे. आपली मेन ५० हर्ट्झची, दोन्ही अर्धलाटा डायोडमधून गेल्या की १०० होतात. म्हणजे डायोड ठीक, फिल्टरचा कपॅसिटर थकलेला. ५० दिसले असते तर आधी डायोड तपासले असते. एकच मोठा कपॅसिटर बदलला आणि लहर गेली. बाकीच्या रेल मॅन्युअलमधल्या मर्यादेत होत्या, म्हणून त्यांना हात लावला नाही. पन्नास वर्षं जुन्या बोर्डावर प्रत्येक डीसोल्डरिंगला एखादा पॅड उखडायची भीती असते. चांगल्या भागासाठी तो धोका का घ्यायचा? त्या काळच्या मॅन्युअलमध्ये सर्किटच्या जागोजागी अपेक्षित व्होल्टेज आणि लाटेचा आकारसुद्धा छापलेला आहे. कारखान्यातल्या कुणीतरी आपल्यासारख्या दूरच्या दुरुस्तीवाल्यासाठी एवढे कष्ट घेतलेत, तर आधी ते वाचून काढ.

आता तुझ्या २२१५ बद्दल, आणि हे नीट ध्यानात धर. ४६५ मध्ये मेनचा करंट आधी ट्रान्सफॉर्मरमध्ये जातो, म्हणून पुढचं सगळं मेनपासून अलग असतं. २२१५ मध्ये तसं नाही. तिथे मेन थेट डायोडवर येते आणि मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी साठतात. तो भाग चासीशी जोडलेला नाही, तो मेनशी जोडलेला आहे. तिथे दुसऱ्या स्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिप लावलीस तर थेट अर्थला शॉर्ट होईल, आणि त्यात स्कोपच नव्हे, तूही जाशील. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (स्कोपला मेनपासून अलग करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय) त्या बाजूला मापन करू नकोस. प्लग काढल्यावरही तो कपॅसिटर दहा किलोओहम, पाच वॅटच्या रेझिस्टरने उतरव, मीटरने खात्री कर आणि मगच हात घाल. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नकोस. पिक्चर ट्यूबच्या ॲनोडची लाल वायरही तितकीच जपून हाताळ.

सुरुवात प्लग काढूनच कर. सेकंडरीच्या बाजूची (ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडची, मेनपासून अलग असलेली) प्रत्येक रेल चासीच्या मानाने ओहममध्ये मोज, एखादी संशयास्पद कमी दिसेल. सगळ्या ठीक निघाल्या तर हाय-व्होल्टेज मल्टिप्लायरवर (पिक्चर ट्यूबसाठी हजारो व्होल्ट बनवणाऱ्या भागावर) संशय घे. तो आतून शॉर्ट झाला तरी अशीच टिक टिक होते. आणि झाकण उघडलंच आहेस तर मल्टिप्लायरभोवतीची धूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून रात्रभर वाळू दे. इथे खाडीच्या हवेत, या पावसात, ओल धरलेली धूळ हजारो व्होल्टना वाट करून देते, आणि तुझा स्कोपही इथूनच गेलाय.

टँटलम आणि कमी ईएसआरचे कपॅसिटर मी पुढच्या आठवड्यात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणणार आहे. ठाण्याला गाडी बदलायची, मग दादर, मग ग्रँट रोड, जाणं होणारच आहे. पण काय आणायचं ते तुझ्या आकड्यांवरून ठरवू. प्रत्येक रेलचा ओहममधला आकडा, मल्टिप्लायर सोडवल्यावर टिक टिक थांबते का, आणि मोठ्या कपॅसिटरवर किती डीसी येतं, एवढं लिहून पाठव. शेवटचं माप आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळाल्यावरच घे. माझा वाशीला भावाकडे पडून आहे, हवा असेल तर पार्सल करतो.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक