तेलाच्या पिशवीची किती दिवस शिक्षा?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

आमच्या बाजारपेठेत हल्ली एक नवीनच फॅशन निघालीय. दुकानात कोणी साबण, बिस्किटचा पुडा असलं काही उचलताना सीसीटीव्हीत सापडलं की त्याच्या फोटोची प्रिंट काढून काउंटरमागे चिकटवायची, खाली लाल मार्करने 'चोर' लिहायचं आणि तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरवायचा. एका किराणा दुकानात तर एका बाईचा फोटो मागच्या दिवाळीपासून आहे, एक तेलाची पिशवी उचलली होती तिने, नवऱ्याने दुसऱ्या दिवशी येऊन पैसे भरले, हात जोडले, तरी फोटो जागचा हलला नाही. तिची पोरगी त्याच रस्त्याने शाळेत जाते, वर्गातली पोरं तिला काय म्हणत असतील ते वेगळं सांगायला नको.

१ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झालीय तिचं कलम ३०३ बघा. माल ५००० रुपयांच्या आतला, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि माल किंवा पैसे परत दिलेले, तर शिक्षा सामुदायिक सेवेची, जेल नाही. बरं हे काय आत्ताच सुचलंय असंही नाही, १९५८ च्या परिवीक्षा कायद्यात पहिल्या किरकोळ चोरीला नुसती समज देऊन सोडायचा अधिकार कोर्टाला आहेच. मग कोर्ट जिथे सोडतं तिथे गल्ल्यावर बसलेला माणूस जन्मठेप देतो ती कोणत्या कलमाखाली?

दुकानदारांचं नुकसान होतं हे मान्य, मार्जिन किती असतं ते मलाही माहितीय. आणि टोळीने येऊन हात मारणारे असतात त्यांना खुशाल पोलिसात द्या, त्यांची बाजू मी घेत नाही.

पण आपण सांगली जिल्ह्यातली माणसं आहोत हो. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर इथलंच ना? औंध संस्थान असताना बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनियरच्या सांगण्यावरून तिथे खुनाचे कैदी ना भिंत ना बेड्या असे शेतीवर ठेवले, शांतारामबापूंनी १९५७ ला 'दो आँखें बारह हाथ' काढला तो त्यावरूनच. पिक्चरचं कौतुक आपण अजून सांगतो, आणि इकडे तेलाच्या पिशवीला माफी नाही!

व्यापारी संघटनेने निदान एवढं ठरवावं, पैसे परत आले की त्याच दिवशी फोटो काढायचा, ग्रुपवरचा पण डिलीट करायचा.

एक वाचक, विटा