ताई, तू विचारलेल्या त्या १५० एमएलबद्दल थँक्यू

ताई, तू आपली लॅब सोडून पोस्टडॉकला गेलीस तेव्हा घाईत नीट थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं, म्हणून आज इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

माझी पाण्यातली पहिली सुझुकी, म्हणजे पॅलेडियमच्या मदतीने ब्रोमाइड आणि बोरोनिक अॅसिड जोडायची रिअॅक्शन, आठवते ना? डीएमएफसारखं ऑरगॅनिक सॉल्व्हंट नको म्हणून सगळं नुसत्या पाण्यात टाकलं, तर ब्रोमाइडचा चिकट गोळा होऊन ढवळायच्या स्टर बारलाच बसला, रिअॅक्शन पुढे सरकतेय का ते बघायच्या टीएलसी पट्टीवर दोन दिवस तोच स्पॉट, मी अगदी रडकुंडीला आलेले. तू फ्लास्क हलवून बघितलास आणि म्हणालीस, अगं त्यांना भेटायला जागा तर दे. मग केमिस्ट लिपशुट्झ यांच्या ग्रुपने शोधलेलं टीपीजीएस-७५०-एम दाखवलंस. व्हिटॅमिन ई पासून बनवलेला सरफॅक्टंट, म्हणजे साबणासारखा पदार्थ, पाण्यात वजनाने २ टक्के टाकला की मायसेल, म्हणजे त्याच्या रेणूंचे बारीक पुंजके, तयार होतात, त्यांच्या तेलकट आतल्या भागात ब्रोमाइड, बोरोनिक अॅसिड आणि पॅलेडियम दाटीवाटीने एकत्र येतात, मग पुष्कळदा तापवावंही लागत नाही. तू म्हणालीस, तरी गोळा झालाच तर १० टक्के टीएचएफ हे सॉल्व्हंट घाल, स्टरिंग जोरात ठेव, आणि आर्गॉनने नीट डीगॅस कर, म्हणजे आतला ऑक्सिजन घालव, नाहीतर बोरोनिक अॅसिड आपापसातच जोडलं जाईल. डीगॅसिंग पेपरमध्ये एका ओळीत उरकलेलं असतं गं, तू अर्धा तास शेजारी उभी राहून माझ्याकडून करून घेतलंस.

पण खरे आभार त्यानंतरचे आहेत. रिअॅक्शन झाली, मी खुशीत प्रॉडक्ट पाण्यातून काढायला ५० एमएल डीसीएम या सॉल्व्हंटने तीनदा एक्स्ट्रॅक्ट केलं आणि स्लाईडवर ग्रीन, म्हणजे पर्यावरणपूरक, लिहून मोकळी झाले. मीटिंगच्या आधी तू मला बाजूला घेऊन विचारलंस, रिअॅक्शनला पाणी किती? मी म्हटलं ५ एमएल. मग हे १५० कुठे धरलंस? सगळ्यांसमोर विचारलं असतंस तर मी कोलमडले असते, हे तुला कळलं होतं. केमिस्ट शेल्डन यांचा ई-फॅक्टर, म्हणजे एक किलो प्रॉडक्टमागे किती किलो कचरा, तो त्याच संध्याकाळी तू माझ्याकडून हाताने काढून घेतलास, प्रॉडक्ट शुद्ध करायच्या कॉलमची सिलिका आणि हेक्झेनसकट. मूळ हिशोबात पाणी धरत नसत, तू म्हणालीस आपण धरू, कारण पॅलेडियम आणि साबण घेऊन ते पाणी कुठेतरी जाणारच.

आता माझ्या वहीत प्रत्येक रिअॅक्शनखाली वर्कअपचा, म्हणजे नंतर प्रॉडक्ट वेगळं काढायच्या कामाचा, वेगळा रकाना असतो. गेल्या आठवड्यात प्रॉडक्ट पाण्यातून आपोआप खाली बसलं, नुसतं गाळून घेतलं, कॉलमही लागला नाही, आणि तेच सरफॅक्टंटचं पाणी पुढच्या बॅचला परत वापरलं. त्या दिवशी डीसीएमच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि आधी तुला फोटो पाठवला.